आजार शांत, मगच पाळणा

१९३८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या फिलिप हेंच या डॉक्टरांनी एक चक्रावून टाकणारं निरीक्षण प्रसिद्ध केलं. संधिवाताने वर्षानुवर्षं जखडलेल्या बायकांना दिवस राहिले की त्यांचं दुखणं ओसरतं. बोटांची सूज उतरते, सकाळचा ताठरपणा जातो, आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत सगळं दुखणं पुन्हा परत येतं. कावीळ झालेल्या संधिवाताच्या रुग्णांतही असंच घडताना त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. शरीरातच असं काहीतरी तयार होत असणार जे हा आजार दाबून ठेवतं, असा तर्क त्यांनी केला आणि त्याचा माग सोडला नाही. दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल यांनी वेगळं काढलेलं कॉर्टिसोन हेंच यांनी संधिवाताने अपंग झालेल्या एका तरुणीला टोचलं. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चं नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन यांना मिळालं. आज ज्याला आपण सरसकट ‘स्टेरॉइड’ म्हणतो, त्या औषधाच्या शोधाची एक वाट अशी गरोदर बायकांच्या सुजऱ्या बोटांपासून निघाली.

हेंच यांना दिसलं ते संधिवातापुरतं खरं होतं. त्याच कुळातल्या ल्यूपस या आजाराची गोष्ट उलटी होती. ल्यूपस असलेल्या बाईला दिवस राहिले की अनेकदा आजार उसळायचा, मूत्रपिंडं बिघडायची, मूल पोटातच जायचं. त्यामुळे कित्येक वर्षं डॉक्टरांचा सल्ला एकच असे, की मुलाचा विचार सोडा. १९६० ते १९६५ या काळातल्या नोंदींत ल्यूपसच्या दर १०० गर्भधारणांपैकी सुमारे ४३ वाया गेलेल्या दिसतात. २००० ते २००३ या काळात हा आकडा १७ पर्यंत खाली आला. ल्यूपस मुळापासून बरा करणारं औषध मधल्या चाळीस वर्षांत सापडलं नाही, आजही नाही. मुख्यतः बदललं ते हे, की दिवस कधी राहतात, त्या वेळी आजार कसा आहे आणि पोटात कोणत्या गोळ्या चालू आहेत, या तीन गोष्टींवर बरंचसं ठरतं हे डॉक्टरांना कळलं. आणि या तिन्ही गोष्टी आधी ठरवता येतात.

हे आजार कोणते?

कातडी, सांधे, रक्तवाहिन्यांच्या भिंती, फुप्फुसांतली जाळी या सगळ्यांना आधार देणाऱ्या आणि एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या घटकांना संयोजी ऊती म्हणतात. जंतूंशी लढण्यासाठी असलेली प्रतिकारशक्ती याच ऊतींना परकं समजू लागली, की राखणदारानेच घरच्या माणसावर काठी उगारावी तशी गत होते. ल्यूपस, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, कातडी आणि आतले अवयव कडक करणारा स्क्लेरोडर्मा, डोळे-तोंड कोरडं पाडणारा श्योग्रेन, स्नायूंना सूज आणणारा मायोसायटिस हे यातले प्रमुख. मार्फानसारखे जन्मजात दोषही संयोजी ऊतींचेच असतात, पण त्यांत मुख्य काळजी हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीची असते. तो वेगळा विषय आहे.

या आजारांचा बायकांवरच रोख असतो. ल्यूपसच्या दहा रुग्णांमध्ये नऊ बायका असतात आणि बहुतेकींना तो पंधरा ते पंचेचाळीस या वयात गाठतो. म्हणजे लग्न, संसार आणि मूल यांचे निर्णय ज्या वयात होतात, नेमका त्याच वयात. आपल्याकडे तर लग्न ठरवताना आजार लपवला जातो आणि वर्ष उलटायच्या आत ‘काही गोड बातमी?’ अशी विचारणा सुरू होते. गोळ्या कपाटात लपवून घ्याव्या लागतात, मग एक दिवस त्या बंदच होतात. आजार उसळण्याचं हे एक अगदी नेहमीचं कारण आहे.

पोटातलं अर्धं परकं

गर्भाचे अर्धे गुणधर्म बापाकडून आलेले असतात. त्या हिशेबाने आईच्या शरीराने त्याला नाकारायला हवं. तसं होऊ नये म्हणून गरोदरपणात प्रतिकारशक्तीचा तोल बदलतो. पेशींमार्फत होणारा हल्ला मंदावतो आणि आवर घालणाऱ्या पेशी वाढतात. संधिवातात सांध्यांवरचा हल्ला बराचसा याच पेशींचा असतो, त्यामुळे तो निवळतो, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. १९९३ मध्ये सिॲटलच्या संशोधकांना असंही आढळलं, की ज्या बाळांच्या पेशींवरच्या खुणा आईपेक्षा जास्त वेगळ्या होत्या, त्यांच्या आयांचा संधिवात गरोदरपणात जास्त निवळला होता. बाळ जितकं ‘परकं’, तितका आईला आराम.

मात्र पुढच्या काटेकोर मोजणीत हा आराम हेंच यांना वाटला होता तितका सार्वत्रिक निघाला नाही. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांचा संधिवात सुरुवातीला जोरात होता त्यांपैकी साधारण निम्म्याच स्त्रियांना हा आराम लाभला. ‘दिवस राहिले की आपोआप बरं वाटेल’ या भरवशावर औषधं टाकून देणं म्हणूनच धोक्याचं.

ल्यूपसमध्ये नुकसान मुख्यतः प्रतिपिंडं, म्हणजे ॲन्टिबॉडी, करतात आणि त्यांना गरोदरपणात तसा लगाम बसत नाही. शिवाय स्त्री-संप्रेरकं चढलेली असतात. म्हणून इथे आजार उसळण्याची भीती राहते, आणि ती सर्वांत जास्त असते दिवस राहताना आजार जागा असेल तर.

सहा महिन्यांची अट

म्हणूनच जगभरच्या संधिवाततज्ज्ञांचा पहिला नियम असा, की आजार किमान सहा महिने शांत असावा आणि तोही गरोदरपणात चालणाऱ्या औषधांवर शांत असावा. दुसरा भाग बहुतेकदा विसरला जातो. चालत नसलेल्या गोळीवर आजार शांत आहे, ती गोळी बंद केली आणि लगेच दिवस राहिले, तर सहा महिन्यांची शांतता कामाची नाही. गोळी बदलायची, नव्या गोळीवर काही महिने थांबायचं, आजार डोकं वर काढत नाही ना ते बघायचं आणि मग पुढे जायचं, असा क्रम हवा.

हा नियम पाळला तर काय होतं? अमेरिका आणि कॅनडातल्या ‘प्रॉमिस’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. दिवस राहिले तेव्हा ज्यांचा ल्यूपस शांत किंवा सौम्य होता अशा ३८५ स्त्रियांचा त्यात पाठपुरावा केला होता. त्यांपैकी ८१ टक्के स्त्रियांच्या गरोदरपणात कोणतीही मोठी गुंतागुंत झाली नाही. ‘मुलाचा विचार सोडा’ या जुन्या सल्ल्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघावा.

पाळणा लांबवण्याच्या या काळात गर्भनिरोधकही विचारपूर्वक निवडावं लागतं. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-डी किंवा माला-एन या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं. ल्यूपस जागा असेल किंवा रक्तात गुठळ्या करणारी प्रतिपिंडं असतील, तर इस्ट्रोजेन नको. अशा वेळी तांबी बसवणं बहुतेकींना चालतं. आयव्हीएफ करायचं असलं, तरी त्यातली इंजेक्शनं इस्ट्रोजेन चढवतात हे लक्षात ठेवून संधिवाततज्ज्ञांना आधी विचारावं.

काही परिस्थितींत डॉक्टर स्पष्ट ‘नको’ म्हणतात आणि ते ऐकावं. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब खूप वाढलेला असणं ही त्यातली सर्वांत गंभीर. स्क्लेरोडर्मा असलेल्या प्रत्येकीची म्हणूनच आधी हृदयाची इको तपासणी होते. मूत्रपिंडं किंवा हृदय फार थकलेलं असणं, फुप्फुसं आक्रसलेली असणं, गेल्या सहा महिन्यांत पक्षाघात किंवा आजाराचा मोठा झटका येऊन गेलेला असणं, हीही थांबण्याची कारणं आहेत. यातली काही कायमची असतात, काही तात्पुरती.

गोळ्यांचा डबा

‘पोटुशीने गोळ्या खाऊ नयेत’ हे वाक्य आपल्याकडे आजीपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळे म्हणतात. या आजारांत ते अर्धंच खरं आहे. काही गोळ्या बाळाला खरोखर घातक आहेत आणि काही बंद केल्या तर आई आणि बाळ दोघंही संकटात येतात. डब्यातली कुठली गोळी कुठल्या रांगेत, हे दिवस राहण्याआधी कळायला हवं.

आधी थांबवायच्या गोळ्या पाहू. संधिवातात आठवड्यातून एकदा घेतली जाणारी मेथोट्रेक्सेट एक ते तीन महिने आधी बंद करतात. मूत्रपिंडाच्या ल्यूपससाठी दिली जाणारी मायकोफेनोलेट बाळाचे कान, ओठ आणि टाळू यांत व्यंग आणू शकते, म्हणून ती किमान सहा आठवडे आधी थांबवून तिच्या जागी बहुतेकदा ॲझाथायोप्रिन देतात. लेफ्लुनोमाइड शरीरात फार काळ रेंगाळते, कधीकधी दोन वर्षांपर्यंत. ती बाहेर काढण्यासाठी कोलेस्टायरामिन नावाचं औषध द्यावं लागतं आणि रक्तातलं प्रमाण तपासून बघावं लागतं. सायक्लोफॉस्फमाइड तर बीजांडकोशालाही इजा करू शकते, म्हणून ती सुरू करण्यापूर्वीच पुढे मूल हवं आहे का, हे बोलून घ्यायला हवं. रक्तदाबाच्या आणि लघवीतून प्रोटीन जाऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्याही बदलाव्या लागतात. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा या गोळ्या त्यांची जागा घेतात.

चालू ठेवायच्या औषधांत पहिलं नाव हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं. मूळ मलेरियाचं हे औषध. मार्च २०२० मध्ये ते कोविडवर चालतं अशी हवा झाली, लोकांनी साठा केला आणि ल्यूपसच्या रुग्णांना दुकानोदुकानी हिंडावं लागलं, तेव्हा अनेकांना त्याचं नाव पहिल्यांदा कळलं. ल्यूपस असलेल्या गरोदर बाईसाठी ते जवळजवळ अपरिहार्य मानलं जातं. आजार उसळण्याचं प्रमाण त्याने कमी होतं आणि बंद केलं तर वाढतं. त्याच्यासोबत ॲझाथायोप्रिन, टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन आणि फॉलिक ॲसिडच्या जोडीने सल्फासॅलाझिन ही औषधंही योग्य मात्रेत चालतात.

स्टेरॉइडबद्दल भीती फार, माहिती थोडी. आईच्या पोटात गेलेलं प्रेडनिसोलोन वारेतून जाताना तिथल्या एका विकराने बरंचसं निकामी होतं आणि त्याचा थोडाच अंश बाळापर्यंत पोहोचतो. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन मात्र तसेच्या तसे पलीकडे जातात. म्हणून आईच्या आजारासाठी प्रेडनिसोलोन वापरतात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत यासाठी ती दुसरी दोन. अर्थात प्रेडनिसोलोनचा डोस जितका कमी ठेवता येईल तितका बरा, कारण जास्त डोसने आईची साखर आणि बीपी चढतं, जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि बाळंतपण लवकर होण्याचा धोकाही असतो. स्क्लेरोडर्मात तर मोठ्या डोसने मूत्रपिंडावर अचानक संकट ओढवू शकतं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवायही सर्रास मिळतात. विसाव्या आठवड्यानंतर त्या टाळायला हव्यात. त्यांनी गर्भजल कमी होऊ शकतं आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची, पोटात असताना उघडी राहायलाच हवी अशी रक्तवाहिनी वेळेआधी मिटू शकते. सांधे दुखले तर पॅरासिटॅमॉल घ्यावी आणि तीही विचारून.

रक्तातली दोन प्रकारची प्रतिपिंडं

दिवस राहण्याआधीच्या तपासणीत दोन गोष्टी आवर्जून पाहतात. पहिली ‘अँटी-रो’ आणि ‘अँटी-ला’ ही प्रतिपिंडं. ल्यूपस आणि श्योग्रेनमध्ये ती बऱ्याच जणींना असतात, कधीकधी बाईला कसलाही त्रास नसताना रक्तात सापडतात. आईची प्रतिपिंडं चौथ्या महिन्यापासून वारेतून बाळाकडे जाऊ लागतात. अँटी-रो असलेल्या शंभर गरोदरपणांत साधारण एक-दोन वेळा ती बाळाच्या हृदयातल्या, ठोक्याचा संदेश वाहून नेणाऱ्या पेशींवर जाऊन बसतात. वरच्या कप्प्यांचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेनासा होतो. एरवी मिनिटाला १२० ते १६० पडणारे ठोके पन्नास-साठवर येतात. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. पूर्ण झालेला ब्लॉक परत फिरत नाही आणि अशा अनेक बाळांना पुढे पेसमेकर बसवावा लागतो.

म्हणूनच अँटी-रो असलेल्या बाईची साधी सोनोग्राफी पुरत नाही. साधारण सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यांदरम्यान बाळाच्या हृदयाची इको ठरावीक अंतराने करतात आणि वरच्या ठोक्यानंतर खालचा ठोका किती उशिराने पडतो, ते सेकंदाच्या अंशांत मोजतात. आधीच्या बाळाला हार्ट ब्लॉक झाला असेल तर पुढच्या वेळी धोका पाच-सहापैकी एक इतका वाढतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा बायकांना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिल्यावर हे प्रमाण निम्म्याहून खाली, सुमारे साडेसात टक्क्यांवर आलं. काही बाळांच्या चेहऱ्यावर जन्मानंतर गोल लालसर चट्टे उठतात. आईकडून आलेली प्रतिपिंडं सहा-आठ महिन्यांत संपली की चट्टेही जातात. त्या बाळाला ल्यूपस झाला असा त्याचा अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची. लंडनचे डॉक्टर ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. ही प्रतिपिंडं रक्तात गुठळ्या करतात आणि वारेचं काम बिघडवतात. तिसऱ्या महिन्याच्या आत लागोपाठ तीन गर्भपात, किंवा दहा आठवड्यांनंतर चांगलं वाढणारं बाळ पोटात दगावणं, किंवा बीपी वाढल्यामुळे चौतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागणं, असा इतिहास असेल तर ही तपासणी झालीच पाहिजे. एकदा पॉझिटिव्ह आली म्हणून शिक्का मारायचा नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा करून ती कायम आहे का ते बघतात, कारण साध्या संसर्गानेही ही प्रतिपिंडं तात्पुरती दिसतात. ‘हिच्या कुशीला मूल टिकत नाही’ असं ज्यांच्याबद्दल बोललं जातं, त्यांतल्या काही जणींचं कारण रक्ताच्या या तपासणीत सापडतं आणि त्यावर उपाय आहे.

तो उपाय म्हणजे कमी डोसची ॲस्पिरिन आणि हेपरिनची इंजेक्शनं. हेपरिनचे रेणू मोठे असतात, ते वार ओलांडून बाळाकडे जात नाहीत. इंजेक्शन रोज घ्यायचं असल्याने बायका ते घरीच टोचायला शिकतात. बेंबीपासून चार बोटं सोडून, बाजूची कातडी चिमटीत धरून बारीक सुई सरळ आत घालायची, हळूहळू औषध सोडायचं, सुई काढल्यावरच चिमटी सोडायची. आज उजवी बाजू, उद्या डावी. टोचलेली जागा चोळायची नाही, चोळली तर निळे डाग वाढतात. पोट मोठं झाल्यावर घरातल्यांना धास्ती वाटते, पण सुई कातडीखालच्या चरबीतच राहते, बाळापर्यंत पोहोचत नाही. या उपचाराने अशा दहापैकी सात-आठ गरोदरपणं सुखरूप पार पडतात. आधीच्या गुठळीसाठी वॉर्फरिन चालू असेल तर ती सहाव्या आठवड्याच्या आत बदलून हेपरिन सुरू करावी लागते, म्हणजे पाळी चुकल्याबरोबर डॉक्टर गाठायचे.

रिपोर्ट वाचताना

दिवस राहिल्यावर संधिवाततज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून पाहणं हे या बाळंतपणाचं मुख्य सूत्र. ल्यूपस असेल तर बाराव्या आठवड्याच्या सुमारास, फार तर सोळाव्याच्या आत, कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करतात. तिने बीपी वाढून होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका कमी होतो. दर महिन्याला बीपी, लघवी आणि रक्ताच्या तपासण्या होतात. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या वाढीची सोनोग्राफी आणि डॉप्लर वाढवतात.

इथे एक व्यावहारिक अडचण असते. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल रेंज’ गरोदर बाईची नसते. गरोदरपणात मूत्रपिंडं जास्त काम करतात आणि क्रिएटिनिन ०.५-०.६ पर्यंत उतरतं. त्यामुळे ०.९ हा आकडा रिपोर्टवर ठळक छापला जात नाही, पण डॉक्टरांच्या भुवया उंचावतात. उलट शरीरातली सूज दाखवणारा ईएसआर कुठल्याही निरोगी गरोदर बाईचा चढलेलाच असतो, तो बघून ‘संधिवात वाढला’ असं घाबरायचं कारण नाही. थकवा, केस गळणं, पाठ दुखणं, गालावर वांग येणं हे गरोदरपणातही होतं आणि ल्यूपसमध्येही. सांध्याला खरी सूज, नवं पुरळ, ताप, तोंडातले व्रण ही मात्र आजाराची चिन्हं धरायची.

सर्वांत मोठा पेच विसाव्या आठवड्यानंतर पडतो. बीपी चढलं, पायावर सूज आली, लघवीतून प्रोटीन जाऊ लागलं. हा प्रीएक्लॅम्प्सिया आहे की मूत्रपिंडातला ल्यूपस उसळला आहे? पहिल्यावरचा उपाय बाळंतपण हा आहे, दुसऱ्यावरचा औषधं वाढवणं. चूक झाली तर बाळ उगाच महिना-दोन महिने आधी बाहेर काढलं जातं किंवा आईचा जीव धोक्यात येतो. मग डॉक्टर रक्तातल्या सी-३ आणि सी-४ या घटकांकडे बघतात. निरोगी गरोदरपणात ते वाढतात. ते घसरत असतील, डीएनएविरोधी प्रतिपिंडं वाढत असतील आणि लघवीत लाल पेशींचे साचे दिसत असतील, तर बोट ल्यूपसकडे जातं. युरिक ॲसिड चढलं, यकृताच्या चाचण्या बिघडल्या, डोकं प्रचंड दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तर प्रीएक्लॅम्प्सियाकडे. कधीकधी दोन्ही एकत्रही असतात. म्हणूनच दिवस राहण्यापूर्वीचे रिपोर्ट फाइलला हवेत, म्हणजे ‘आधी किती होतं’ याचं उत्तर मिळतं.

माहेरी जाताना

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी जाते आणि नेमक्या सर्वांत नाजूक काळात तिचे डॉक्टर बदलतात. या आजारांत माहेर की सासर यापेक्षा अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा अतिदक्षता विभाग, रक्तपेढी आणि संधिवाततज्ज्ञ कुठे जवळ आहेत, यावर ठिकाण ठरवावं. ज्यांना खासगी तपासण्या परवडत नाहीत, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते आणि जोखमीच्या गरोदर स्त्रियांची वेगळी नोंद ठेवली जाते. तिथे आजाराचं नाव आणि चालू गोळ्या न लपवता सांगाव्यात.

हा आजार आहे म्हणून सिझेरियनच करावं लागतं, असं नाही. ते नेहमीच्या प्रसूतीच्या कारणांवरच ठरतं. कमरेत भूल द्यायची असेल तर हेपरिन काही तास आधी थांबवावं लागतं, म्हणून शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते घरातल्यांनाही माहीत असावं. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या बाईला कळांच्या वेळी त्याचा डोस चुकू द्यायचा नाही.

बाळ हातात आलं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे वळतं आणि आईच्या गोळ्या मागे पडतात. हेंच यांनी पाहिलेलं दुखण्याचं परतणं इथेच घडतं. संधिवात बहुतेकदा पहिल्या तीन-चार महिन्यांत पुन्हा डोकं वर काढतो, ल्यूपसही उसळू शकतो. अँटिफॉस्फोलिपिड असलेल्यांना गुठळीचा धोका बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत फार असतो, म्हणून हेपरिन सहा ते बारा आठवडे चालू राहतं. सवा महिना खोलीत बसून राहण्याऐवजी बाळंतिणीने थोडं हिंडतं-फिरतं राहावं.

‘गोळ्या चालू आहेत तर अंगावर पाजू नको’ हा सल्लाही तपासून घ्यावा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, प्रेडनिसोलोन, ॲझाथायोप्रिन, हेपरिन, इतकंच काय वॉर्फरिन चालू असतानाही बाळाला पाजता येतं. मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट, लेफ्लुनोमाइड आणि सायक्लोफॉस्फमाइड यांवर मात्र पाजू नये.

बाळाच्या डॉक्टरांना एक गोष्ट आठवणीने सांगायची. आईला शेवटच्या तीन महिन्यांत इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबसारखी बायोलॉजिक इंजेक्शनं दिली असतील, तर ती वारेतून बाळाच्या रक्तात गेलेली असतात आणि महिनोन्‌महिने राहतात. आपल्याकडे बीसीजीची लस जन्मल्याबरोबर देतात आणि तिच्यात जिवंत जंतू असतात. २०१० मध्ये अशाच एका बाळाचा बीसीजीनंतर मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्याच्या आईला आतड्याच्या आजारासाठी इन्फ्लिक्सिमॅब चालू होतं. अशा बाळाची बीसीजी सहा महिने पुढे ढकलतात आणि तोंडावाटे द्यायच्या जिवंत लसींचं वेळापत्रकही डॉक्टर ठरवतात. सर्टोलिझुमॅब हे त्यातलं एक इंजेक्शन वार जवळजवळ ओलांडतच नाही, त्यामुळे गरोदरपणात त्याला पसंती मिळते.

हा आजार असलेल्या बाईने मूल होऊ द्यावं का, हा प्रश्न आता बहुतेकींच्या बाबतीत मागे पडला आहे. विचारायचं ते ‘कधी’ आणि ‘कोणत्या तयारीने’. म्हणून तुमच्या घरात, नात्यात, शेजारात अशी कुणी असेल तर तिच्यावर घाई लादू नका आणि तिच्या गोळ्यांना नावं ठेवू नका. आणि तो आजार तुम्हालाच असेल, तर पाळी चुकण्याची वाट बघू नका. मूल हवंसं वाटू लागल्याच्या दिवशीच, नवऱ्याला सोबत घेऊन आणि गोळ्यांचा डबा हातात धरून डॉक्टरांकडे जा. एकही गोळी त्याआधी स्वतःच्या मनाने बंद करू नका.